मोकळी जागा मोकळीच राहू द्या!

खान्देशातील कोणत्याही शहराच्या नव्या वसाहतीत जा, दृश्य सारखेच दिसेल. चारी बाजूंनी टुमदार बंगले, दारात तुळशीवृंदावन, गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि या सर्वांच्या मधोमध एक मोकळा चौकोन. मंजूर नकाशात त्याला ‘खुली जागा’ म्हटलेले असते; बोलताना सारे त्याला ‘ओपन स्पेस’ म्हणतात. भूखंड विकताना हाच चौकोन दाखवून विकणारा सांगतो, “इथे बाग होणार आहे.” घेणारा त्या न झालेल्या बागेची किंमतही मोजतो. पुढे वर्षे सरतात. मुले मोठी होतात, शिकून पुण्या-मुंबईला जातात. बाग मात्र होत नाही.

त्या चौकोनाचे पुढे काय होते, हे जळगावच्या एका वसाहतीत मी स्वतः पाहिले आहे. वसाहतीचे नाव सांगत नाही. कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला ती आपलीच वाटेल. आरंभी तेथे एक जुना कडुनिंब होता. त्याच्याखाली दुपारी भाजीवाली टोपली उतरवी आणि संध्याकाळी मुलांचा खेळ रंगे. मग कोणा बंगल्याचे बांधकाम निघाले. वाळू आणि विटा तेथे पडल्या त्या उचलल्याच गेल्या नाहीत. एका चतुर्थीला कोपऱ्यात चौथरा झाला. चौथऱ्यावर मूर्ती आली, मूर्तीवर पत्रा आला, पत्र्याच्या जागी स्लॅब आला. नंतर लोकप्रतिनिधीच्या निधीतून ‘बहुउद्देशीय सभागृह’ उभे राहिले. त्याच्या पायासाठी कडुनिंब गेला. सभागृहाचा उद्देश शेवटी एकच उरला. लग्नसराईत ते भाड्याने जाते आणि मध्यरात्रीपर्यंत वाजंत्री चालते. उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक बसले आणि त्यांवर मोटारी उभ्या राहू लागल्या. आज त्या वसाहतीतील आजोबा नातवाला घेऊन फिरायला रस्त्यावर जातात.

हे अतिक्रमण कोणा गुंडाने केलेले नाही. यात चोर नाही, दरोडेखोर नाही. सारे सुशिक्षित, सुसंस्कृत, देवभोळे लोक आहेत. तुम्ही-आम्हीच आहोत. म्हणूनच हा विषय या पानांवर मांडणे मला अगत्याचे वाटते.

बाग ही चैन नव्हे

पहिला आक्षेप नेहमीचाच असतो. जेथे पाणी आठवड्याला मोजून येते तेथे बागा कसल्या मागता? उत्तर साधे आहे. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांना स्पर्श करतो तेथे झाडाची सावली ही चैन नसून गरज आहे. वातानुकूलित खोली ज्याला परवडते त्याचे बागेवाचून चालते. कामावरून परतणाऱ्या गवंड्याला, शाळा सुटलेल्या मुलाला, सुनेच्या दोन खोल्यांत दिवस काढणाऱ्या वृद्धेला ते परवडत नाही. सार्वजनिक बाग ही श्रीमंताच्या बंगल्याची शोभा नसून ज्याला अंगण नाही त्याचे ते अंगण आहे.

आणि खान्देशाला हे नवे नाही. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे खान्देशच्या कारभाराचे ठाणे केले, तेव्हा ते लहानसे गाव होते. त्या काळी सुरू झालेल्या आखणीतून समांतर, सरळ गल्ल्यांचे जे शहर उभे राहिले त्याच्या गल्ल्या आजही क्रमांकाने ओळखल्या जातात. राज्यकर्ता परकीय होता, त्याचे हेतू त्याच्या सोयीचे होते; तरी घरे उठण्यापूर्वी मोकळी जागा सोडावी लागते, एवढे त्याला कळत होते. जळगावची भरभराट कापसाने आणि आगगाडीने झाली. पोलन पेठ हे नाव आजही एका जुन्या कलेक्टरची आठवण देते आणि शहराची तहान दीर्घकाळ मेहरुणच्या तलावाने भागवली. ज्या मेहरुणच्या बोरांची कीर्ती दूरवर गेली, त्या बोरबनांचा पुष्कळसा भाग आज भूखंडांच्या नकाशांत जमा आहे.

जळगावने निसर्गाचे ऋण शब्दांतही फेडले. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ ते १९३५ अशी जवळजवळ अर्धे शतक ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक या शहरातून चालविले. १९०७ साली येथे पहिले कविसंमेलन भरले. त्याचे अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. वैद्यक आणि कविता यांच्याइतकेच त्यांचे प्रेम वनस्पतिशास्त्रावर होते. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा आणि मेजर बसूंचा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. त्या संमेलनात धरणगावचा एक कोवळा मुलगा उभा राहिला. त्याचे काव्य ऐकून झाडापानांच्या त्या अभ्यासकाने त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचे पुढील सारे काव्य फुलांचे, निर्झरांचे आणि हिरव्या रानाचे आहे. ज्या भूमीने मराठीला तिचा निसर्गकवी दिला, आसोद्याची लेक आणि जळगावची सून असलेल्या बहिणाबाईंसारखी शेताशिवाराशी बोलणारी कवयित्री दिली, त्या भूमीतील मुलाला कडुनिंब आणि करंज यांतील फरक सांगता येऊ नये, ही लाजिरवाणी गोष्ट नाही काय? बहिणाबाईंचे नाव आपण बागेला दिले, विद्यापीठाला दिले. त्यांची दृष्टी मात्र घेतली नाही.

दात्याचे आभार, पण दात्यावर भार नको

आज जळगावात कोणी पाहुणा आला तर आपण त्याला अभिमानाने काव्यरत्नावली चौक दाखवतो, तेथील भाऊंचे उद्यान दाखवतो, महात्मा गांधी उद्यानात नेतो. ही उद्याने नेटकी आहेत, कारण भवरलाल जैन यांच्या उद्योगसमूहाने आणि प्रतिष्ठानाने त्यांत पैसा, पाणी आणि मुख्य म्हणजे लक्ष घातले. त्याबद्दल कृतज्ञताच हवी. परंतु या कृतज्ञतेआड एक सोयीस्कर आळस लपला आहे. शहरात दोन-तीन सुंदर उद्याने झाली म्हणजे गल्लीतल्या शंभर उजाड चौकोनांची चिंता मिटली, असे आपण मानून घेतो. आठवड्यातून एकदा मोटारीने जाऊन पाहायचे उद्यान वेगळे आणि पायात चपला सरकवून दोन मिनिटांत गाठायची बाग वेगळी. पहिले प्रेक्षणीय आहे, दुसरी जीवनावश्यक. दाता पहिले देऊ शकतो. दुसरी शेजाऱ्यांनीच राखावी लागते.

महापालिकेचे काय? जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत २००३ साली महापालिका आल्या. २०१८ साली दोन्हीकडे भारतीय जनता पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. त्यापूर्वी इतरांची सत्ता होती आणि २०२३ साली मुदत संपल्यावर प्रशासक आले. सत्ता कोणाचीही असो, निधी सभागृहाला मिळतो आणि माळ्याला मिळत नाही, असाच सर्वसाधारण अनुभव आहे. याचे कारण उघड आहे. सभागृहावर नाव कोरता येते, झाडावर कोरता येत नाही. सभागृहाचे उद्घाटन एका दिवसात होते, झाडाचे उद्घाटन व्हायला वीस वर्षे लागतात आणि तोपर्यंत चार निवडणुका होऊन जातात. आपल्या विचारांचे लोक निवडून आले याचा आनंद जरूर मानावा. पण झाडाची सावली निवडणुकीच्या निकालावर टांगून ठेवू नये.

कायदा आपल्या बाजूने आहे, आपण कायद्याच्या बाजूने आहोत काय?

कायद्याची गोष्ट मोठी उद्बोधक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात रस्त्यावरचा दिवा हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. उद्याने आणि क्रीडांगणे मात्र ऐच्छिक कामांच्या यादीत आहेत. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने जी बारावी अनुसूची आणली तिच्यात उद्याने, बागा व क्रीडांगणे हा नागरी संस्थांचा विषय म्हणून स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. घटनेने विषय सोपवला, अधिनियमाने तो मर्जीवर सोडला. मर्जीवर सोडलेली गोष्ट मागणाऱ्याच्या आवाजावर अवलंबून असते आणि आपला आवाज सभागृहासाठी जितका चढतो तितका बागेसाठी चढत नाही.

तरीही न्यायालयांनी नागरिकांना निराश केलेले नाही. बंगळूरच्या एका वसाहतीतील उद्यानाची जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. मुख्यमंत्र्यांचा हुकूम त्यामागे होता. रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरविले. रुग्णालय हे चांगले काम खरे, पण ते उद्यानाच्या जागेवर नव्हे, हा त्या निकालाचा मथितार्थ. लखनौच्या अमिनाबादेतील झंडेवाला पार्क स्वातंत्र्य चळवळीची आठवण सांगणारा. त्याच्या पोटात भुयारी बाजार उभारण्याचा करार महापालिकेने एका व्यावसायिकाशी केला. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बाजार पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला. दिल्लीच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की वसाहत आखणाऱ्याने उद्यानासाठी सोडलेली जागा तो रहिवाशांचा विश्वस्त म्हणून धारण करतो आणि महापालिका तिची राखणदार असते. विश्वस्त हा शब्द नीट ऐकावा. त्या चौकोनाचा मालक नगरसेवक नाही, भूखंड विकणारा नाही आणि वसाहतीचे मंडळही नाही. जे अजून जन्माला यायचे आहेत त्यांच्यासाठी तो राखायचा आहे.

मात्र कायदा झोपलेल्याला मदत करीत नाही. विकास आराखड्यात उद्यानासाठी आरक्षण पडले तरी ठरावीक मुदतीत भूसंपादन झाले नाही, तर जमीनमालकाच्या नोटिशीनंतर प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ अन्वये ते आरक्षण गळून पडते. २००७ सालच्या ‘गिरनार ट्रेडर्स’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नुसता ठराव किंवा नुसते पत्र म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे. महापालिकेच्या कपाटात एखादी फाईल वेळेवर हलली नाही एवढ्याने एक बाग कायमची जाते. ती गेली हे आपल्याला कुंपणाचे पत्रे लागल्यावर कळते.

देवाच्या नावाने

आता अवघड भागाकडे येतो. आपल्या वसाहतींतील मोकळ्या जागांवर सर्वांत मोठा भार कशाचा आहे, हे प्रामाणिकपणे मोजावे. वाहनतळाचा आहे, टपऱ्यांचा आहे, सभागृहांचा आहे; पण श्रद्धेच्या बांधकामांचाही आहे. २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की सार्वजनिक रस्ते, उद्याने व अन्य सार्वजनिक जागांवर मंदिर, मशीद, चर्च वा गुरुद्वारा यांपैकी कशाच्याही नावाने नवे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये. आदेश सर्वांना सारखा आहे.

येथे वाचक विचारतील, “हे आम्हालाच का सांगता? त्यांनाही सांगा.” त्यांनाही सांगितलेच पाहिजे आणि कायद्याने सांगितले आहे. परंतु जो नियम दुसऱ्याने पाळावा असे आपण म्हणतो तो पाळल्याचा दाखला आधी आपल्या दारात असला पाहिजे. आपला चौथरा श्रद्धेचा आणि दुसऱ्याचा अतिक्रमणाचा, हा युक्तिवाद न्यायालयात टिकत नाही आणि सदसद्विवेकबुद्धीपुढे तर मुळीच टिकत नाही.

शिवाय आपली परंपरा काय सांगते? देवराई म्हणजे काय? देवाचे नाव घेऊन राखलेले रान; ज्याची फांदीही कोणी तोडीत नाही. गावच्या पिंपळाचा पार म्हणजे काय? ज्याला कुंपण नाही, तिकीट नाही, ज्यावर कोणाचेही नाव नाही असे गावाचे मोकळे मंदिर. छत्रपती शिवरायांच्या राज्यनीतीचा सारांश असलेल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठी लाकूड हवे असतानाही रयतेच्या आंबा-फणसांना हात लावू नये, अशी ताकीद नोंदवून ठेवली आहे. पूर्वी देवाच्या नावाने झाड वाचत असे. आज देवाच्या नावाने झाड जाते. याला धर्म म्हणायचे की धर्माची चोरी? ज्या कोणाला वसाहतीत देवाचे अधिष्ठान हवे त्याने तेथे वड, पिंपळ, औदुंबर लावावा, आवळा आणि बेल लावावा. वटपौर्णिमेला फांदी विकत आणण्याची वेळ आपल्या सुनांवर येणार नाही.

ज्यांचे आयुष्य संध्याकाळच्या मैदानी खेळांत घडले त्या कार्यकर्त्यांना तर अधिक सांगायला नको. शाखा चार भिंतींत भरत नाही. तिला उघडे आकाश लागते. आपण ज्या मैदानांवर वाढलो ती मैदाने आपल्याच समाजाने बुजवली, तर उद्याचा बाल स्वयंसेवक कबड्डी कोठे खेळेल? सभागृहाच्या फरशीवर?

फडाची शिकवण, बारीपाड्याचा धडा

“लोकांना जमत नाही हो, लोक एकत्र येत नाहीत,” हा शेवटचा आक्षेप. हे वाक्य धुळे जिल्ह्यात उच्चारणे हा त्या जिल्ह्याचा अपमान आहे. पांझरेच्या काठी शतकानुशतके फड बागायत चालली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड. एका फडात एक पीक; कोणत्या फडात काय घ्यायचे ते शेतकरी मिळून ठरवीत. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांचे वेतन शेतकरीच पिकातून देत. वरच्याला अधिक आणि खालच्याला कमी, असा दुजाभाव होऊ नये यासाठी नियम होते आणि ते पाळले जात. सरकारचे पाटबंधारे खाते जन्माला येण्यापूर्वी पाण्यासारखी भांडणाची वस्तू ज्यांनी सलोख्याने वाटून घेतली, त्यांच्या नातवंडांना अर्ध्या एकराची बाग राखता येऊ नये?

आणि जुने उदाहरण नको असेल तर आजचे घ्या. साक्री तालुक्यातील बारीपाडा हा वनवासी पाडा. डोंगर उघडे पडले होते, पाणी आटले होते. वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभापासून गावकऱ्यांना एकत्र करून रान राखायला घेतले. झाड तोडणाऱ्याला दंड, राखणीची पाळी आणि नियम सर्वांना सारखे. चारशे हेक्टरांहून अधिक जंगल उभे राहिले, पाणी परतले, रानभाज्यांचा उत्सव भरू लागला. २०२५ साली चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपण सर्वांनी अभिनंदनाचे संदेश पाठविले. त्या संदेशांपेक्षा एक प्रश्न स्वतःला विचारला असता तर बरे झाले असते. पाड्यावरच्या लोकांनी चारशे हेक्टर राखले; पदवीधरांच्या वसाहतीला एक कडुनिंब का राखता आला नाही?

बारीपाड्याकडे पैसा नव्हता, अधिकारी नव्हते, वर्तमानपत्रेही नव्हती. त्यांच्याकडे राखण होती. आपल्याकडे ती सोडून सारे आहे.

उद्या सकाळी काय करायचे?

निषेधाचे ठराव पुष्कळ झाले. प्रत्येक वसाहतीत पाच माणसे पुरेत. नगररचना विभागाकडून आपल्या वसाहतीचा मंजूर नकाशा मिळवावा. सरळ मिळाला नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. जेथे अभिन्यासाचे क्षेत्र चाळीस गुंठे किंवा त्याहून अधिक आहे तेथे एक दशांश जागा मोकळी सोडणे नियमाने आवश्यक आहे. ती नेमकी कोणती, केवढी, हे टेप धरून मोजावे. गट क्रमांक आणि क्षेत्रफळ लिहिलेला फलक लावावा. फलकावर कोणा नेत्याचे छायाचित्र नको. सातबारा वा मिळकत पत्रिकेवर त्या जागेची नोंद कोणाच्या नावे आहे ते पाहावे. विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी तीस दिवस मिळतात. ते दिवस लग्नाच्या तिथीसारखे लक्षात ठेवावेत.

झाडांची गणना करून ठेवावी. पन्नास वर्षे वा त्याहून जुने झाड २०२१ च्या दुरुस्तीनुसार कायद्यानेच वारसावृक्ष आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बुंध्याला चिकटून आलेले सिमेंट काढून टाकावे. झाडाभोवतीची एक मीटर जमीन मोकळी ठेवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीसाठी दिला होता, त्यातले शहाणपण धुळ्या-जळगावलाही लागू आहे. नवी झाडे आपल्या मातीतली लावावीत. कडुनिंब, करंज, बहावा, शिरीष, उंबर. चैत्र-वैशाखात घराघराने एक दिवस वाटून घेऊन एक हंडा पाणी घालावे. ज्या आजींना चालवत नाही त्यांनी गच्चीवरून नजर ठेवावी; तीही राखणच आहे.

आणि जेव्हा कोणी सज्जन, हसतमुख, आपल्याच विचारांचा माणूस निधीचा कागद घेऊन येईल आणि म्हणेल, “येथे छान सभागृह करून देतो,” तेव्हा त्याला चहा द्यावा, सन्मानाने बसवावे आणि ठामपणे सांगावे, “दादा, निधी असेल तर माळी द्या, पाण्याची जोडणी द्या, कुंपण द्या. जागा देता येणार नाही. ती आमची नाही. आमच्या नातवंडांची आहे, आम्ही फक्त राखणदार आहोत.”

हे वाक्य उच्चारायला फार मोठे धैर्य लागत नाही. पण ज्या वसाहतीत ते वेळेवर उच्चारले जाईल तेथे वीस वर्षांनी सावली असेल.